पाचशेचीच द्या

माझ्याकडे एक लॅपटॉप आहे, त्याला इंटरनेट दाखवायचं नाही असा घरात नियम आहे. २०१२ साली घेतलेला, तिसऱ्या पिढीचा आय-५, चार जीबी रॅम आणि विंडोज ७, तेही बत्तीस बिटचं. मायक्रोसॉफ्टने त्याची काळजी घेणं १४ जानेवारी २०२० ला थांबवलं, तेव्हापासून त्याची वायफाय बंद आहे ती आहेच. त्याच्यावर दोनच गोष्टी चालतात. एक पेजमेकर ७, म्हणजे २००१ मध्ये आलेली त्याची शेवटची आवृत्ती. दुसरं, युनिकोडच्या आधीच्या काळातलं एक मराठी फॉन्टांचं सॉफ्टवेअर. ते यूएसबीत डोंगल खोचल्याशिवाय उघडत नाही.

मी डोंबिवलीत घरी बसून डीटीपी करते. नवी पुस्तकं दुसऱ्या मशीनवर, युनिकोडमध्ये, इनडिझाइनवर होतात. पण प्रकाशकाचा फोन येतो तो असा : "ताई, ते २००८ चं पुस्तक आठवतंय ना? दुसरी आवृत्ती काढतोय. चार ठिकाणी दुरुस्त्या आहेत फक्त." त्या चार दुरुस्त्यांसाठी मूळ फाइल मूळ फॉन्टमध्येच उघडावी लागते. कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये न्यायची सोय आहे, पण मग रफार, जोडाक्षरं आणि अनुस्वार यांची वाट लागते आणि तीनशे पानांचं प्रूफ नव्याने वाचायला बसावं लागतं. त्याचे पैसे कोणी देत नाही. म्हणून हा लॅपटॉप.

गणपती उठले की दिवाळी अंकांची गर्दी सुरू होते, आणि त्याच सुमारास याने रडगाणं लावलं. सेव्ह म्हटलं की पडदा गोठायचा. आतून कट्-कट् असा आवाज यायचा, मग थोडा वेळ शांतता, मग पुन्हा कट्. मी क्रिस्टलडिस्कइन्फो पेन ड्राइव्हवरून चालवून पाहिलं. हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवत असते, ती हे सॉफ्टवेअर वाचून दाखवतं. वर निळ्याऐवजी पिवळी चौकट होती. खाली दोन ओळी पाहायच्या असतात : किती सेक्टर बाद करून त्यांच्या जागी राखीव सेक्टर लावले, आणि किती सेक्टर वाचता येत नसल्यामुळे निकालाची वाट पाहत आहेत. दोन्हीकडे शून्य असायला हवं, माझ्याकडे नव्हतं. (या सॉफ्टवेअरमधले आकडे मुळात हेक्साडेसिमलमध्ये असतात, १० दिसलं तर ते सोळा समजावेत. दहा समजून निर्धास्त राहणारे मी पाहिलेत.) त्यातही दुसऱ्या ओळीतला आकडा वाढत असेल तर वेळ घालवू नये.

पुण्याच्या भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "आत्या, किती वर्षं वापरणार आहेस? नवा घे ना." त्याचं चूक नाही. पण नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ येतं, तेही चौसष्ट बिटचं, आणि माझं फॉन्टांचं सॉफ्टवेअर त्याच्यावर पाऊल ठेवत नाही; डोंगलचा ड्रायव्हरच चालत नाही. ते नव्याने टाकायची सीडीही आता कुठल्या ड्राइव्हला वाचता येत नाही. म्हणजे मला कोरी डिस्क घेऊन तिच्यावर सगळं पहिल्यापासून बसवायची मुभा नव्हती. आत्ताची डिस्क आहे तशी, अक्षरशः आहे तशी, दुसऱ्या डिस्कवर उतरवायला हवी होती. काय घ्यायचं हे पुढे ठरलं ते या एका अडचणीवरून. वेगाचे आकडे त्यात फारसे आलेच नाहीत.

तरी वेगाबद्दल थोडं सांगते, कारण दुकानदार बोलतात ते तेवढ्यावरच. जुन्या लॅपटॉपातली तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते. एका फेऱ्याला अकरा मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवा तो तुकडा डोक्याखाली यायला सरासरी साडेपाच. त्याआधी डोकं त्या रिंगणापाशी न्यायला आणखी दहा-बारा. सेकंदाला जेमतेम साठ-सत्तर वेळा असं शोधणं होतं. माझे वडील गिरगावातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. खिळे जुळवण्यात त्यांचा हात फार चपळ होता, पण एका शब्दातला प्रत्येक खिळा वेगळ्या केसमध्ये असता आणि केसा खोलीभर पसरलेल्या असत्या, तर त्यांच्या हातचलाखीचा काय उपयोग झाला असता? तबकडीचं तेच होतं. सलग मोठी फाइल ती सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास वाचते, बारीक-बारीक तुकडे विखुरलेले असले की सेकंदाला एक एमबीही निघत नाही. आणि विंडोज सुरू होणं, फॉन्ट लोड होणं, रॅम अपुरी पडली की डिस्कवर तात्पुरतं काहीबाही ठेवणं ही सगळी बारीक तुकड्यांची कामं.

एसएसडीमध्ये फिरणारं काही नाही, त्यामुळे तुकडा कुठेही असो, तो एका मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास हाती येतो. जुन्या लॅपटॉपला खरा फायदा होतो तो इथे. खोक्यावर लिहिलेलं सेकंदाला ५५० एमबी हे साटाच्या तारेचं कमाल माप आहे. त्याच्यापुढचे ३५०० आणि ७००० हे आकडे एनव्हीएमई जातीचे. ती च्युइंगगमच्या पट्टीसारखी चिंचोळी पट्टी माझ्या लॅपटॉपात बसवायला जागा नाही, आणि विंडोज ७ ला ती आपणहून ओळखताही येत नाही. तेव्हा तो विषय माझ्यापुरता संपला. मला हवी होती अडीच इंची साटा.

फिरती हार्ड डिस्कच पुन्हा घ्यावी का, हाही विचार केला. लहान क्षमतेत तिची किंमत आता एसएसडीपेक्षा फारशी कमी राहिलेली नाही. मोठ्या क्षमतेच्या अडीच इंचींमध्ये बऱ्याचदा डेटाच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. एक पट्टी बदलायची तर शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात. साठवून ठेवायला ठीक, रोजच्या सेव्ह-सेव्हला नाही.

ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला गेले. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण टॅक्सीवाल्यांपासून दुकानदारांपर्यंत कोणाच्या तोंडी ते नाव नाही. वडिलांच्या लेखी हा रस्ता मिनर्व्हा टॉकीजचा होता. आता फुटपाथवर चार्जर, केबल, राउटरचे ढीग आणि वर गाळ्यागाळ्यांत काँप्युटरचे पार्ट.

पहिल्याच गाळ्यात मुलाने काउंटरवर चारशे ऐंशी जीबीचं खोकं ठेवलं. "मॅडम, ये ले जाओ, सब यही ले जाते हैं." भाव चांगला होता. मी म्हटलं, चारशे ऐंशी नको, पाचशेची द्या. तो हसला. "वीस जीबीने काय होतंय? तुमचा डेटा किती आहे?" डेटा दोनशेच्या आतच होता.

पण प्रश्न डेटाचा नव्हताच. चांगल्या डिस्कची नक्कल करताना सॉफ्टवेअर फक्त भरलेला भाग उचलतं आणि पार्टिशन आक्रसून लहान डिस्कवरही बसवतं. खराब होत चाललेल्या डिस्कवर हा शहाणपणा अंगाशी येतो : फायलींची यादीच जिथे लिहिलेली असते तो सेक्टर वाचता आला नाही की सॉफ्टवेअर अडून बसतं, पुन्हा-पुन्हा तिथेच डोकं आपटतं आणि मरणारी डिस्क आणखी मरते. अशा वेळी सेक्टर क्रमांक शून्यापासून शेवटपर्यंत डोळे मिटून उतरवत जाणं बरं. त्यासाठी नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी हवी, एका सेक्टरनेही लहान चालत नाही. आणि इथे उद्योगाने एक चांगली गोष्ट करून ठेवली आहे. ५०० जीबी म्हणून विकल्या जाणाऱ्या डिस्कमध्ये किती सेक्टर असावेत याचं सूत्र कंपन्यांनी आपसांत ठरवलेलं आहे. ते ९७,६७,७३,१६८ येतात, फिरती असो की एसएसडी. माझ्या जुन्या डिस्कच्या लेबलवर हाच आकडा छापलेला होता. ५१२ ची चालली असती, ती मोठीच असते. ४८० ची नाही.

दुकानातला मुलगा ऐकून घेत होता. मग त्याने आतून ५०० ची आणून पुढे ठेवली. मी आणखी दोन गोष्टी विचारल्या. एक, आतली मेमरी कोणती : एका पेशीत तीन बिट साठवणारी टीएलसी की चार साठवणारी क्यूएलसी? मी टीएलसी घेतली. दोन, किती लिखाण सोसण्याची हमी आहे? या वर्गात ती शंभर-सव्वाशे टेराबाइटपासून तीनशेपर्यंत असते. लोक या आकड्याला उगाच घाबरतात. दिवसाला दहा जीबी लिहिलं, आणि दिवाळी अंकाच्या धबडग्यातही मी तेवढं लिहीत नाही, तरी १२० टेराबाइट संपायला जवळपास तेहेतीस वर्षं लागतील. तोवर मी आणि पेजमेकर कुठे असू! डीरॅमचा वेगळा कॅश असलेली ड्राइव्ह शेजारीच होती, आठशे रुपयांनी महाग. माझ्या तारेला आणि माझ्या कामाला तो फरक कळला नसता, म्हणून सोडली.

पैसे वाचवायचे नाहीत असं एकच ठिकाण मी ठरवलं होतं : पक्कं बिल. फुटपाथवर नावही न ऐकलेल्या कंपन्यांच्या दोन टीबीच्या ड्राइव्ह मिळत होत्या, किंमत ऐकून हसू यावं अशा. अशांच्या पेटीत कधी-कधी एखादं मेमरी कार्ड चिकटवलेलं असतं आणि आतली चिप खोटी क्षमता सांगते. भरत गेलं की जुन्या फायलींवर नव्या लिहिल्या जातात. ओळखायचा उपाय एकच, ती पूर्ण भरायची आणि परत वाचून ताडून पाहायची. बिलाची ड्राइव्ह घेतली तरी मी घरी येऊन हे केलंच.

निघताना मुलगा म्हणाला, "जुनी डिस्क आणून द्या मॅडम, थोडे पैसे कमी करून देतो." त्या डिस्कवर काही लेखकांच्या छापून न आलेल्या कादंबऱ्या आहेत. मी नको म्हटलं.

नक्कल करण्याआधी कामाचं फोल्डर साध्या पद्धतीने बाहेरच्या डिस्कवर उतरवलं. एका मुखपृष्ठाची टिफ फाइल अर्ध्यात अडकली, ती मी सोडून दिली. चित्रकाराकडे मूळ होती. मग लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केला, नवी एसएसडी यूएसबीच्या केबलने जोडली आणि डीडीरेस्क्यूला काम लावलं. हे साधन मला आवडतं कारण त्याला प्राधान्य कळतं. आधी बिनतक्रार वाचता येईल ते सगळं उचलतं, अडलेल्या जागा एका नकाशाफायलीत टिपून पुढे जातं, आणि शेवटी उरलेला वेळ त्या अडलेल्या जागांना देतं. मधेच वीज गेली तर नकाशा पाहून तिथूनच पुढे. रात्रभर चाललं. वाचता न आलेला भाग सकाळी काही किलोबाइटचा उरला होता.

नवी ड्राइव्ह सात मिलिमीटर जाडीची आणि जुनी साडेनऊची. सोबत प्लास्टिकची चौकट आली होती, ती लावल्यावर खाचेत हलेनाशी झाली. पहिल्यांदा सुरू करताना कोणताही प्रश्न न विचारता विंडोजचा डेस्कटॉप आला, जुन्याच आयकॉनांसह. नक्कल केलेल्या विंडोज ७ ला आपण एसएसडीवर आलोय हे नेहमी उमजत नाही, म्हणून आठवड्याला ठरलेलं डीफ्रॅगमेंट हाताने बंद केलं. आता लॅपटॉप सुरू करून चहा टाकायला जायची सवय मोडावी लागली आहे. तीनशे पानांची फाइल सेव्ह होताना मी अजूनही क्षणभर हात माउसवरून काढते.

एसएसडीवर मी फक्त चालू कामं ठेवते. एकदा पुसलेली फाइल तिच्यावरून परत मिळण्याची आशा धरू नये. विंडोज तिला रिकाम्या जागा कळवत राहतं आणि ती त्या साफ करून टाकते. शिवाय वापरून झिजलेली एसएसडी वर्षानुवर्षं विजेशिवाय कपाटात ठेवली तर पेशींमधला भार हळूहळू गळतो. म्हणून झालेल्या पुस्तकांचा साठा फिरत्या हार्ड डिस्कवर, दोन वेगवेगळ्या घरांत. एक माझ्याकडे, एक भाच्याकडे पुण्याला. त्याला मी ती देताना सांगितलं, उघडून पाहू नकोस, तुला फॉन्ट दिसणार नाहीत.

मागच्या आठवड्यात एका प्रकाशकाला पाच वर्षांपूर्वीचं व्याकरणाचं पुस्तक दुरुस्त करून दिलं. त्याने विचारलं, मशीन किती वर्षं टिकेल? रॅम मिळते, बॅटरी मिळते, कीबोर्डही लॅमिंग्टन रोडवर मिळतो, ड्राइव्ह तर आत्ताच बदलली. डोंगल मात्र एकच आहे, आणि ते बनवणाऱ्यांनी ते देणं केव्हाच बंद केलं. म्हणून त्याला सांगितलं, तुमच्या ज्या पुस्तकांच्या आवृत्त्या निघणार आहेत त्यांची यादी या वर्षातच द्या. एकेक करून युनिकोडमध्ये नेऊ, आणि प्रूफाचे पैसे वेगळे लागतील.