नाणे, नाव आणि कस

आमच्या पेढीच्या पावतीपुस्तकावर वडिलांचे नाव आजही छापलेले आहे. त्यांना जाऊन नऊ वर्षे झाली. परंतु ते बदलण्याचा धीर मला झाला नाही. गिऱ्हाईक त्या नावावर विसंबून येते, हे मी जाणून होतो.

गेल्या पावसाळ्यात एका ग्रंथात इटलीतील लाँबार्ड राजांच्या सुवर्णनाण्यांची चित्रे पाहिली आणि माझीच गोष्ट तेथे सापडली. इ. स. ५६८ मध्ये इटलीत शिरलेल्या या लोकांनी राज्य स्थापिले. नाणे मात्र पाडले ते शत्रू असलेल्या बायझंटाइन सम्राटाच्या नावाने. सम्राट मॉरिस ६०२ मध्ये मारला गेला, तरी पुढे कित्येक दशके त्याची मुद्रा आणि मागल्या बाजूची पंखधारी विजयदेवता लाँबार्ड त्रेमिसिसवर उमटत राहिली. दीड ग्रॅमही न भरणारे ते नाणे! नकलून नकलून अक्षरे बिघडली, पण बाजाराला ओळखीचा चेहरा हवा होता. राजाज्ञेवाचून सोन्याचे नाणे पाडणाऱ्याचा हात तोडावा, असे राजा रोथारीचा ६४३ चा कायदा सांगतो. अधिकार स्वतःचा, नाव उसने.

पुढे कुनिंकपर्ट (६८८–७००) याने स्वतःचे नाव आणि चेहरा नाण्यावर आणला. विजयदेवतेच्या जागी ढाल व क्रूसदंड घेतलेला संत मायकेल आला. पंख राहिले, अर्थ पालटला. मात्र आठव्या शतकात सोन्यातील भेसळ वाढत गेली. ७७४ मध्ये शार्लमेनने पाव्हिया जिंकले, तोवर नाण्यावर राजाचे नाव होते. पूर्वीचा कस नव्हता.

त्याच आठवड्यात एक वृद्ध भगिनी साखळी मोडण्यास आल्या. पावती माझ्या काळातली, नाव वडिलांचे. बावीस कॅरेटची म्हणून विकलेली साखळी तपासणीत कमी भरली. डाग अधिक लागला होता. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या वडिलांचं नाव होतं, म्हणून तेव्हा तपासून घेतली नाही."

मी पूर्ण बावीस कॅरेटचा भाव दिला. परंतु त्या शब्दांची तूट पैशांनी भरून येणारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी नवे पावतीपुस्तक छापावयास दिले. वडिलांचे नाव वर राहील. खाली माझे येईल. यापुढे कस उणा निघाला, तर लोकांनी मला विचारावे.