ब्रेकसह मंजूर

हल्ली वस्तूत काय आहे यापेक्षा काय नाही याचेच पैसे जास्त पडतात. बिनसाखरेचं बिस्किट साखरेच्या बिस्किटापेक्षा महाग, बिनपॉलिशचा तांदूळ पॉलिशच्या तांदळापेक्षा महाग. या न्यायाने फिक्स्ड गियरची ट्रॅक सायकल ही आजच्या काळातली आदर्श वस्तू म्हणायला हवी. तिला गियर बदलायची सोय नाही, मडगार्ड नाही, कॅरियर नाही, स्टँड नाही. आणि अस्सल जातिवंत असेल तर ब्रेकही नाही. आमच्या चिरंजीवांना कॉलेजला जायला नेमकी हीच हवी होती.

बँकेत बावीस वर्षं काढल्यावर माणसाला दोन प्रश्न आपोआप सुचतात. कशासाठी हवंय आणि फेडणार कसं? दुसरा मी विचारला नाही, कारण फेडणारा मीच होतो. त्याऐवजी विचारलं, "थांबणार कसा?"

चिरंजीव म्हणाले, "पायाने."

आता ही भानगड काय आहे ते सांगतो. आपल्या साध्या सायकलीच्या मागच्या चाकाला फ्रीव्हील असतं. पायडल मारायचं थांबवलं तरी चाक फिरत राहतं आणि टिकटिक ऐकू येते. ती टिकटिक म्हणजे भांडवलावरचं व्याज. चढावर एकदा घाम गाळायचा आणि उतारावर बसून खायचं. फिक्स्ड गियरमध्ये हे व्याज बंद. मागचं दातेरी चक्र हबला पक्कं आवळलेलं, त्यावर उलट्या आट्यांची लॉकरिंग, म्हणजे पायाने चाक मागे रेटलं तरी चक्र सुटून येऊ नये. चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच. थोडक्यात, चढावर दमायचं आणि उतारावरही दमायचं.

दुकानासमोरच्या बोळात मीही एक फेरी मारली. उतरण्याआधी पाय स्थिर करायचे, ही माझी लहानपणापासूनची सवय. सायकलीला ती मान्य नव्हती. तिने मला सीटवरून चार बोटं वर उचललं आणि पुन्हा जागेवर ठेवलं. दुकानदार म्हणाला, "जमेल काका हळूहळू." त्याच्या आवाजात विश्वास कमी आणि सायकलीची काळजी जास्त होती.

"पण बाबा, ट्रॅकवर कुणाच्याच सायकलला ब्रेक नसतो," चिरंजीव म्हणाले.

हे अगदी खरं आहे. आपल्या बालेवाडीच्या क्रीडासंकुलात व्हेलोड्रोम आहे, तशा ट्रॅकवर ब्रेक नसण्यामागे विचार आहे. एकमेकांना चिकटून चाललेल्यांपैकी एकाने ब्रेक दाबला तर मागचे सगळे त्याच्या अंगावर. शिवाय तिथे सगळे एकाच दिशेने जातात. 'सगळे एकाच दिशेने' हे शब्द मी चिरंजीवांना दोनदा म्हणायला लावले आणि संध्याकाळी सहा वाजता त्यांना लक्ष्मी रोडच्या कडेला नेऊन उभं केलं. तो रस्ता एकेरी आहे. पंधरा मिनिटं आम्ही दोघंही काही बोललो नाही.

ब्रेक नसला की हे लोक स्किड करतात. वजन पुढे टाकायचं, पाय आडवे धरून आवळायचे आणि मागचं चाक फरफटत न्यायचं. दिसतं झकास. पण यात गणित आहे, आणि गणित म्हटलं की वाणिज्य शाखेचा पदवीधर जागा होतो. पुढच्या चक्राचे दात अंश, मागच्याचे छेद. अपूर्णांकाला संक्षिप्त रूप द्या. एकच पाय पुढे ठेवून स्किड केलं, तर खाली येणारा छेद म्हणजे टायर जितक्या जागी घासणार तो आकडा. ४८ आणि १६ दात असले तर उत्तर ३/१, म्हणजे टायर एकाच जागी घासून घासून तिथेच फाटणार. ४४ आणि १७ असले तर छेद १७, झीज सतरा जागी वाटली जाते. पाचवीतला धडा चाळिशीनंतर असा उपयोगी पडला.

टायरचं मी पाहून घेईन. पण थांबताना वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं हलकं होतं. त्यामुळे नुसतं मागचं चाक धरून थांबायला पुढच्या ब्रेकच्या निदान दुप्पट अंतर लागतं. २०१६ साली लंडनमध्ये पुढचा ब्रेक नसलेल्या अशाच एका सायकलीची धडक बसून रस्ता ओलांडणारी एक बाई गेली. दोन मुलांची आई. सायकलवाला पोरगा तेव्हा अठरा वर्षांचा होता. २०१७ साली त्याला अठरा महिन्यांची शिक्षा झाली, तीही १८६१ च्या, घोडागाड्यांच्या जमान्यातल्या कायद्याखाली.

हे मी चिरंजीवांना वाचून दाखवलं. मनात मात्र लंडन नव्हतं. मंडईतून दोन पिशव्या घेऊन, उजवीकडे न बघता रस्ता ओलांडणारी माझी आई होती. ती गेली पन्नास वर्षं अशीच ओलांडते, आणि आजवर सगळे थांबत आले आहेत. ब्रेक हा चालवणाऱ्यासाठी नसतोच. तो अशा आयांसाठी असतो.

रात्री मी मंजुरीपत्र लिहून काढलं.

अट क्रमांक एक: पुढचा ब्रेक. त्यासाठी फोर्कला भोक हवं. निव्वळ ट्रॅकच्या फोर्कला ते नसतं, तेव्हा आधी तिथे बोट घालून बघावं. दोन: हब दुतोंडी हवा, एका अंगाला फिक्स्ड, दुसऱ्या अंगाला फ्रीव्हील. गुडघे कुरकुरले की चाक काढून उलटं बसवावं. तीन: दात ४४ आणि १७. पायडलच्या एका फेरीला साधारण साडेपाच मीटर पडतात. तरीही चांदणी चौकातून कोथरूडकडे ताशी ४० च्या वेगाने उतरायचं म्हटलं, तर मिनिटाला सव्वाशेच्या घरात फेऱ्या होतात. तेव्हा ब्रेक दाबत उतरावं. चार: क्रँक आखूड, १६५ मिलिमीटरचा, कारण वळणावर आतलं पायडल वर धरता येत नाही आणि ते रस्त्याला घासतं. पाच: २८ मिलिमीटरचा टायर आणि वर मडगार्ड मावेल एवढी फट. पुण्यात पावसाळा असतो. सहा: पायडलला पट्टे, नाहीतर सुटलेलं पायडल नडगीवर बसतं.

चिरंजीवांनी पत्र दोनदा वाचलं, 'ब्रेकमुळे लूक जातो' असा शेरा मारला आणि सही केली.

आता दोन महिने झाले. एक गोष्ट कबूल करायला हवी, सायकलीने पोराला सुधारलं. पाय थांबत नाहीत म्हटल्यावर तो लांबवर बघायला शिकला. पुढचा सिग्नल, रिक्षातून बाहेर आलेला हात, दोन गाड्यांमधून डोकावणारं कुत्रं, सगळं त्याला आधी दिसतं आणि तो आधीच पाय सावकाश करतो. आधीच्या सायकलीवर तो वेग दाखवायचा, हिच्यावर अंदाज दाखवतो.

सायकल घरी आली त्या दिवशी हिने तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली. स्टँड शोधला, कॅरियर शोधलं, आणि एवढे पैसे देऊन अर्धीच सायकल कशी आणली, अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "घंटी कुठाय?"

सहा अटी लिहिणाऱ्या माणसाकडे या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी तीच बोहरी आळीतून चकचकीत पितळी घंटी घेऊन आली. ती वाजली की अख्ख्या वाड्याला कळतं. लूक पार गेला आहे; पण मंडईच्या वाटेवर आई आता उजवीकडे बघते.