लुइव्हिलचे मैदान आणि एक विसरलेला स्वार

घोड्यांच्या शर्यतीची हकीकत घरगुती मासिकात कशाला, असा प्रश्न वाचकांपैकी कित्येकांच्या मनात येईल. तो आमच्याही घरी आलाच होता. आमच्या आत्याबाईंचे वय आता नव्वदीच्या घरात आहे. आम्ही उभयता अमेरिकेस निघालो, तेव्हा त्यांनी बजावले होते, "एवढ्या लांब जाताच आहात, तर चार चांगली स्थळे पाहून या हो." आणि आम्ही पाहून आलो ते शर्यतीचे मैदान! शर्यत म्हटली की पैज आली आणि पैज म्हटली की धर्मराजाचा द्यूत आठवलाच पाहिजे, असे आमच्या घराचे वळण. तथापि या मैदानावर आम्हांस जे कळले, ते जुगाराहून निराळे आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे पुतणे नोकरीनिमित्त सिन्सिनाटी या गावी राहतात. हे गाव ओहायओ नदीच्या उत्तर तीरावर असून समोरच्या तीरावर केंटकी संस्थान सुरू होते. दोन्ही तीर जोडणारा एक जुना झुलता पूल १८६७ सालापासून उभा आहे. पुलावर उभे राहून पाहिले तर इकडचे पाणी आणि तिकडचे पाणी यांत काही फरक दिसत नाही. परंतु १८६५ साली गुलामगिरी कायद्याने बंद होईपर्यंत याच पाण्याच्या उत्तरेस माणूस स्वतंत्र होता, आणि दक्षिणेस त्याची गुराढोरांप्रमाणे खरेदी-विक्री होत असे. ही गोष्ट पुतण्यांनी सहज सांगितली. पण पुढचा सारा प्रवास तिच्याच छायेत झाला.

सिन्सिनाटीहून नैर्ऋत्येस सुमारे शंभर मैलांवर लुइव्हिल शहर लागते. पुतणे, सूनबाई, नऊ वर्षांचा नातू आणि आम्ही उभयता असे पाचजण सकाळीच मोटारीने निघालो. केंटकीची जमीन चुनखडीची आहे. त्या खडकातून झिरपलेले पाणी आणि त्यावर वाढलेले गवत यांमुळे घोड्यांची हाडे बळकट होतात, असे तिकडचे लोक अभिमानाने सांगतात. दीडशे वर्षांहून अधिक काळ हा प्रांत उत्तम जातिवंत घोड्यांसाठी नावाजलेला आहे.

'केंटकी डर्बी' ही शर्यत दरसाल लुइव्हिल येथे होते. तिची मूळ कल्पना कर्नल मेरिवेदर लुइस क्लार्क या गृहस्थाची. १८७२ साली ते युरोपात गेले, इंग्लंडातील एप्सम येथील डर्बी त्यांनी पाहिली, आणि आपल्या गावीही असे काही व्हावे हा ध्यास घेऊन परतले. चर्चिल आडनावाच्या त्यांच्या दोन मामांची गावाबाहेर जमीन होती. ती भाडेपट्ट्याने घेऊन त्यांनी मैदान उभारले. मामांच्या आडनावावरूनच पुढे त्यास 'चर्चिल डाउन्स' हे नाव पडले. पहिली शर्यत १७ मे १८७५ रोजी झाली. तेव्हापासून आजतागायत एकही वर्ष ती चुकलेली नाही. महायुद्धे आली, साथी आल्या; २०२० साली ती मे महिन्याऐवजी सप्टेंबरात झाली, पण झाली.

आम्ही गेलो तो दिवस शर्यतीचा नव्हता. रिकाम्या प्रेक्षागारावर १८९५ साली बांधलेले दोन शुभ्र मनोरे उन्हात चमकत होते. आमच्या सौभाग्यवतींनी लांबूनच विचारले, "हे चर्च का हो?" खरोखरच एखाद्या प्रार्थनामंदिराची शोभा त्या मनोऱ्यांस आहे. आत वर्तुळाकार मातीची वाट पसरलेली. माळी फुलझाडांस पाणी घालीत होते. सर्वत्र इतकी शांतता होती, की येथे लाखांवर माणसे जमून ओरडत असतील हे खरे वाटेना.

आवारातच एका घोड्याचा काशाचा पुतळा आहे. पहिल्या डर्बीचा विजेता अ‍ॅरिस्टायडीझ तो हाच. हा घोडा तांबूस रंगाचा आणि अंगाने बेताचाच होता. त्याचे नाव अ‍ॅरिस्टायडीझ वेल्श या पेन्सिल्व्हेनियातील अश्वपालकावरून ठेवले होते. पण त्या नावाचे मूळ पुरुष म्हणजे प्राचीन अथेन्सचे 'न्यायी' अ‍ॅरिस्टायडीझ. त्यांची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यांस हद्दपार करावे की नाही, यासाठी नागरिक खापरांच्या तुकड्यांवर नाव लिहून मत देत होते. एका निरक्षर माणसाने त्यांस न ओळखता त्यांच्याच हाती खापर देऊन 'यावर अ‍ॅरिस्टायडीझ असे लिही' म्हटले. त्याने तुझे काय बिघडवले, असे विचारता तो म्हणाला, जो तो त्यास न्यायी म्हणतो, ते ऐकून मला कंटाळा आला. त्यांनी निमूटपणे आपले नाव लिहून दिले. हे नाव धारण करणाऱ्या घोड्याची गोष्टही न्याय-अन्यायाच्या वाटेनेच गेली.

त्याचे मालक प्राइस मॅग्रॅथ यांनी पहिल्या डर्बीत दोन घोडे उतरविले होते. त्यांची सारी भिस्त चेसपीक या घोड्यावर होती. अ‍ॅरिस्टायडीझने आरंभी वेगाने धावून इतर घोड्यांस दमवावे, आणि मग चेसपीकने मागून येऊन बाजी मारावी, असा बेत होता. म्हणजे आपल्याकडील बुद्धिबळात वजिरासाठी प्यादे मारू द्यावे, तसा हा प्रकार. एकंदर पंधरा घोडे, सारे तीन वर्षांचे. अंतर दीड मैल. सुमारे दहा हजार माणसे पाहावयास जमलेली. प्यादे ठरल्याप्रमाणे पुढे धावले. पण वजीर काही मागून येईना. चेसपीक आरंभीच मागे पडला होता. शेवटच्या वळणावर उभ्या असलेल्या मॅग्रॅथ यांनी तेव्हा हात उंचावून 'जाऊ दे त्याला!' अशी खूण केली, असे सांगतात. स्वाराने लगाम सैल सोडला. अ‍ॅरिस्टायडीझने २ मिनिटे ३७¾ सेकंदांत अंतर कापले आणि तो पहिला आला. व्होल्केनो दुसरा आला. बक्षीस २,८५० डॉलर होते.

ही हकीकत ऐकून आम्ही पुतळ्याभोवती एक फेरी मारली. तेवढ्यात नातवाने विचारले, "आजोबा, घोड्याचं नाव कळलं, मालकाचंही कळलं. वर बसलेल्या माणसाचं नाव काय?"

पुतण्यांनी सूनबाईंकडे पाहिले, सूनबाईंनी आम्हांकडे. एकासही सांगता येईना. मैदानालगतच्या संग्रहालयात मग आम्ही त्या एका नावासाठी दोन तास घालविले, आणि ते दोन तास सार्थकी लागले.

स्वाराचे नाव ऑलिव्हर लुइस. वय एकोणिसाच्या आसपास. तो काळ्या वर्णाचा होता. इतकेच नव्हे, त्या दिवशीच्या पंधरा स्वारांपैकी तेराजण काळेच होते. अ‍ॅरिस्टायडीझला तयार करणारे अ‍ॅन्सेल विल्यमसन हे जन्माने गुलाम. स्वातंत्र्य मिळाल्यावरही त्यांनी घोडे शिकविण्याचे तेच काम चालू ठेवले. याचे कारण शोधावयास लांब जावे लागत नाही. मोठमोठ्या जमीनदारांच्या पागा गुलामांच्याच हाती असत. घोड्यास खरारा करणे, त्याचे दुखणेखुपणे पाहणे, त्याचा स्वभाव ओळखणे, त्यास धाववून आणणे ही विद्या त्यांच्या घराण्यांत पिढ्यान् पिढ्या चालत आली होती. विद्या त्यांची, घोडा मालकाचा, आणि कीर्तीही मालकाची, असा हिशेब होता.

त्याच वर्षी बेलमाँट शर्यतीत लुइस अ‍ॅरिस्टायडीझवर होता. तेथे मॅग्रॅथ यांचाच कॅल्व्हिन हा घोडा जिंकावयाचा होता. म्हणून त्यास आपला घोडा आवरून धरावा लागला आणि तो दुसरा आला, असे सांगतात. डर्बीत प्यादे हुकुमाने सुटले, बेलमाँट शर्यतीत हुकुमाने थांबले. लुइस पुन्हा कधी केंटकी डर्बीत उतरला नाही.

पहिल्या २८ डर्बींपैकी १५ काळ्या स्वारांनी जिंकल्या. आयझॅक मर्फी यांनी १८८४, १८९० आणि १८९१ अशा तीन जिंकल्या. जिमी विंकफील्ड यांनी १९०१ व १९०२ अशा लागोपाठ दोन. परंतु शर्यतींत पैसा आणि मान वाढू लागला, तशी त्या जागांवर गोऱ्यांची नजर गेली. वर्णभेदाचे कायदे कडक होत होते. काळ्या स्वारांस मैदानावर कोंडीत धरणे, कुंपणाकडे रेटणे, मालकांनी त्यांस घोडे न देणे असे प्रकार सुरू झाले. १९२१ नंतर २००० सालापर्यंत एकही काळा अमेरिकन स्वार या डर्बीत दिसला नाही.

विंकफील्ड पोटासाठी रशियात गेले आणि तेथे नावारूपास आले. रशियन राज्यक्रांतीनंतर १९१९ साली दोनशेंहून अधिक घोडे घेऊन इतरांसमवेत ते ओडेसाहून पोलंडपर्यंत पोहोचले. पुढे फ्रान्सात स्थायिक झाले. १९६१ साली डर्बीनिमित्त लुइव्हिल येथे एका मेजवानीचे त्यांस निमंत्रण आले. त्या वेळी ते ऐंशीच्या घरात होते. दोनदा डर्बी जिंकलेल्या या वृद्धास मेजवानीच्या हॉटेलच्या पुढच्या दाराशी अडविण्यात आले. काळ्यांनी त्या दाराने जावयाचे नाही म्हणून. बऱ्याच वेळाने त्यांस आत सोडले. हे वाचून आमच्या सौभाग्यवती हलक्या आवाजात म्हणाल्या, "आपल्याकडेही मागचं दार काही नव्हतं असं नाही." आम्ही काय बोलणार? आमच्या आजोळचे ते परसदार आम्हीही लहानपणी पाहिलेले होते.

दुसऱ्या दिवशी परतताना वाट वाकडी करून आम्ही लेक्सिंग्टनला गेलो. तेथील आफ्रिकन दफनभूमी क्रमांक दोन या जुन्या स्मशानात ऑलिव्हर लुइस १९२४ सालापासून विसावला आहे. त्याच्या शेजारीपाजारी त्याच पेशातले अनेकजण आहेत. २०१० साली गावातील एका नव्या रस्त्यास त्याचे नाव देण्यात आले. विजयानंतर तब्बल १३५ वर्षांनी! नातवाने रस्त्यावरील पाटी मोठ्याने वाचली आणि समाधानाने मान डोलावली.

घरी आल्यावर आम्ही ही सारी कथा आत्याबाईंस ऐकविली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली. आमच्या दिवाणखान्यात आमच्या आजोबांचे एक छायाचित्र आहे. ते मामलेदार होते. छायाचित्रात ते घोड्यावर बसलेले असून बाजूस मुंडासे बांधलेला एक मनुष्य लगाम धरून उभा आहे. जन्मापासून आम्ही ते चित्र पाहात आलो. त्या दिवशी मात्र त्या मनुष्याकडे प्रथमच नीट पाहिले. आम्ही विचारले, "आत्या, याचे नाव काय होते?"

आत्याबाईंनी चष्मा लावला, चित्र जवळ घेतले. "घोड्याचं नाव मोती," त्या लगेच म्हणाल्या. "फार गुणी जनावर. मला पाठीवर बसवून हाच माणूस ओढ्यापर्यंत फिरवून आणायचा. एकदा मी पडले, तर याच्याच डोळ्यांत पाणी." मग त्या बराच वेळ थांबल्या. "नाव… अरे, आम्ही त्याला मोतद्दारच म्हणत असू."

वाचकहो, आपल्याही भिंतीवर असे एखादे चित्र असेल. घरातील वडीलधारी माणसे आहेत तोवर त्यांस विचारून ठेवा. आम्हांस थोडा उशीर झाला.