जुना ड्रायव्हर

आमच्या घरच्या लॅपटॉपनें गेल्या माघांत एका रात्रींत स्वतःची सुधारणा करून घेतली, आणि सकाळीं उघडून पाहतों तों त्याचा जगाशीं असलेला संबंध तुटला होता. पडद्याच्या कोपऱ्यांत कमानीवर कमान काढल्यासारखी जी पंख्याच्या आकाराची खूण नित्य दिसे, तिच्या जागीं पृथ्वीचा एक चिमुकला गोल व त्यावर नकाराचें चिन्ह एवढेंच उरलें होतें. आदल्या रात्रीं यंत्र मिटतांना ‘अद्ययावत् करून बंद करा’ या पर्यायास आमच्याच बोटानें संमति दिली होती, हें येथें कबूल केलें पाहिजे. झोंपेच्या भरांत दिलेल्या संमतीचे जे परिणाम होतात, ते आम्हांस पुढील दोन दिवस भोगावे लागले.

काम आमचें स्वतःचें असतें तर आम्ही एवढे अस्वस्थ झालों नसतों. अंबाजोगाईस राहून जगाशीं संबंध तुटल्याचें दुःख चार दिवस सहन करण्याइतकी संवय आम्हांस आहे. परंतु आमच्या घरामागील खोलींत एक आजी आणि तिची नात भाड्यानें राहतात. मुलीचे आईबाप धारूरच्या बाजूचे; दिवाळी झाली कीं कोयता घेऊन पश्चिमेकडील कारखान्यांच्या फडावर जातात आणि पाडव्याच्या सुमारास परत येतात. बीड जिल्ह्यांतून दरसाल अशीं लाखों माणसें जातात, आणि नवराबायको मिळून ‘एक कोयता’ अशी त्यांची मोजणी होते, हें या भागांतील वाचकांस सांगणें नको. मुलगी येथल्या महाविद्यालयांत बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षांत आहे. तिच्या मोबाइलची कांच फुटलेली असून अर्धा पडदा बोटास दाद देत नाहीं, म्हणून तिचे सारे दाखले आमच्या लॅपटॉपमध्यें ठेवलेले. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशीं मध्यरात्रीं संपत होती.

मुलगी सकाळीं महाविद्यालयांत गेली होती. ती परत येईपर्यंत आपणच यंत्र सुधारून ठेवावें, अशी आम्हांस दुर्बुद्धि झाली.

प्रथम आम्हीं राउटर बंद करून पुन्हां चालू केला. हा या युगांतील त्रिफळा आहे. गुण आला तर उत्तम, न आला तर अपाय नाहीं. गुण आला नाहीं. मग भिंतीचा संशय आला. आमचें घर जुनें, माळवदाचें, आणि भिंती दगडमातीच्या, हातभर रुंद. ज्या लहरींवर हा व्यवहार चालतो त्या सेकंदास सुमारें २४० कोटी वेळां कंप पावतात व त्यांची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर भरते. याहून दुप्पट कंपनांची दुसरी एक जात आहे. ती अधिक वेगवान, पण जाड भिंतीपुढें लवकर हात टेंकणारी. हें ज्ञान आम्हीं कोठें तरी वाचलें होतें आणि त्याचा उपयोग करण्याची संधि प्रथमच आली होती. तेव्हां लॅपटॉप उचलून आम्ही देवघरांत गेलों, ओसरीवर गेलों, शेवटीं राउटरच्या अगदीं पायाशीं जाऊन बसलों. जगदीशचंद्र बसूंनीं १८९५ च्या सुमारास कलकत्त्यास याहूनही कितीतरी आंखूड लहरी भिंतीपलीकडे धाडून घंटा वाजविली होती आणि दारू पेटविली होती, हें तेथें बसल्यावर आठवलें, आणि बिचाऱ्या भिंतीवर घेतलेला आळ आम्हीं मागें घेतला.

मग एका दुरुस्तीच्या दुकानीं फोन केला. दुकानदारानें लक्षणें पुरतीं ऐकूनही घेतलीं नाहींत. “फॉरमॅट मारावा लागेल,” तो म्हणाला. सर्दीपासून संधिवातापर्यंत एकच काढा देणारे वैद्य आम्हीं लहानपणीं पाहिले होते. त्यांची परंपरा खंडित झालेली नाहीं हें कळून एक प्रकारचें समाधान वाटलें. पण फॉरमॅट मारणें म्हणजे आंतील सर्व पुसून पाटी कोरी करणें. त्या यंत्रांत आमचें वीस वर्षांचें लेखन, घरचीं छायाचित्रें, आणि आतां त्या मुलीचे दाखले. आमच्याच गांवीं दासोपंतांनीं पंचीकरणाचा विषय एका लांबलचक पासोडीवर लिहून ठेवला, त्यास चारशें वर्षें झालीं. ती पासोडी अद्याप आहे, आणि ती वाचण्यासाठीं कोणास कांहीं अद्ययावत् करावें लागलें नाहीं. असो. आम्हीं दुकानदारास ‘विचार करून कळवितों’ असें सांगितलें.

सायंकाळीं मुलगी आली. तिनें यंत्रास हात लावण्यापूर्वीं एकच प्रश्न केला, “काका, तुमच्या मोबाइलवर वायफाय येतंय का?” येत होतें. “मग राउटर ठीक आहे, केबलही ठीक आहे. दोष लॅपटॉपमधेच आहे.” सकाळपासून आम्हीं राउटर, भिंत आणि केबलवाला यांवर जेवढे आरोप ठेविले होते, ते सारे त्या एका प्रश्नानें निकालांत निघाले. दिवसभर मोबाइल आमच्या खिशांतच होता.

तिनें ‘डिव्हाइस मॅनेजर’ नांवाचें दप्तर उघडलें. यंत्राच्या पोटांत जीं जीं उपकरणें असतात त्यांची तेथें हजेरी लागलेली असते. बिनतारी उपकरणाच्या नांवापुढें पिवळा त्रिकोण व त्यांत उद्गारचिन्ह होतें. आंत पाहतां ‘हें उपकरण सुरू होऊं शकत नाहीं, कोड १०’ असा शेरा. “ड्रायव्हर बदललाय,” ती म्हणाली.

आजी उंबऱ्यावर बसून हें सारें पाहत होती. ती ताबडतोब म्हणाली, “मंग जुन्यालाच बलवा की. नव्याला वाट ठावं नसंल.”

आम्ही हंसलों. आजी हंसली नाहीं. एका सालीं टोळीचा नेहमींचा ड्रायव्हर आजारी पडला आणि ऐन वेळीं दुसरा आणावा लागला; त्यानें रात्रभर भलत्याच रस्त्यानें ट्रक फिरविला, आणि भांड्याकुंड्यांवर बसलेलीं पोरेंबाळें पहाटेपर्यंत थंडींत काकडलीं, ही हकीगत तिनें सांगितली. त्या पोरांत या मुलीचा बाप होता.

आजीचें निदान शब्दशः खरें होतें. यंत्राचा कारभार पाहणारी प्रणाली एक, आणि लहरी धाडणारी व झेलणारी बोटभर पट्टी दुसरी. दोघींचे कर्ते निराळे, भाषा निराळ्या. कारभारणीनें ‘हा मजकूर धाड’ म्हटलें तर तो कोठें नेऊन ठेवावा, पट्टीस जागें कसें करावें, उत्तर आलें हें कशावरून ओळखावें, हें ज्यास ठाऊक असतें त्या मध्यस्थ कार्यक्रमास ड्रायव्हर म्हणतात. आमच्या जिल्ह्यांत हें समजावून देण्यास मुकादमाचें उदाहरण पुरे. कारखाना मजुरांस ओळखत नाहीं, मजूर कारखान्यास ओळखत नाहींत. उचल मुकादमाच्या हातून येते आणि टोळीही त्याच्याच शब्दावर निघते. मुकादम फिरला तर कारखाना धड, मजूर धड, आणि ऊस मात्र फडांत उभा! आमची पट्टी धड होती, प्रणालीही धड होती.

नवा ड्रायव्हर घेतांना यंत्र जुन्यास अगदींच हांकलून देत नाहीं. मागची एक पिढी तें जपून ठेवतें. त्यास परत आणण्याचें बटण त्याच दप्तरांत असतें. मुलीनें तें दाबलें तेव्हां यंत्रानें कारण विचारलें: जुना अधिक भरंवशाचा होता, जुना अधिक चांगला चालत होता, वगैरे. खालीं मोकळा मजकूर लिहिण्यास एक चौकटही होती. आमच्या मनांत त्या चौकटींत पुष्कळ लिहावयाचें होतें. पण मुलीनें पहिल्याच कारणावर खूण केली आणि पुढें गेली. मिनिटभरानें पडदा किंचित् लुकलुकला, आणि कोपऱ्यांत कमानी उगवल्या. मागें फिरण्याची ही रीत आमच्या गांवास नवी नाहीं. निजामाच्या राज्यांत त्याचें नांव मोमिनाबाद झालें होतें. १९४८ च्या सप्टेंबरांत तें राज्य गेलें, आणि कालांतरानें कागदोपत्रींही अंबाजोगाई परत आली. त्या वेळीं कोणीं कारणाची चौकट भरून दिली होती कीं काय कोण जाणे!

त्या रात्रीं अर्धा अर्ज भरून झाला. महाविद्यालयाचा एक दाखला दुसऱ्या दिवशीं मिळावयाचा होता, तेवढ्यासाठीं काम थांबलें.

दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं ती दाखला घेऊन आली, लॅपटॉप उघडला, आणि पुन्हां पृथ्वीचा तोच गोल! जुन्यास बोलावल्याचें यंत्रास रुचलें नव्हतें. दिवसां केव्हां तरी त्यानें परस्पर नव्यास पुन्हां कामावर घेतलें होतें. इतकें होतें न होतें तोंच वीज गेली. राउटरचे दिवे मालवले. लॅपटॉपच्या बॅटरींत चौथा हिस्सा शिल्लक होता आणि घड्याळांत साडेआठ वाजले होते. आम्ही मनांत म्हणत होतों कीं, वीज येईल, मग जुना ड्रायव्हर आणूं, मग राउटर जुळेल, मग अर्ज. मुलीनें आमच्या मोबाइलच्या चार्जिंगची तार मागितली. तिचें एक टोंक मोबाइलला व दुसरें लॅपटॉपला जोडलें, मोबाइलमध्यें ‘यूएसबी टेदरिंग’ या नांवापुढची कळ फिरविली, आणि हातभर तारेंतून सारें जग आमच्या ओसरीवर आलें. बिनतारी पट्टी, तिचा ड्रायव्हर, राउटर, वीज, यांपैकीं कोणाचीच गरज उरली नाहीं.

“ही युक्ति काल कां नाहीं केलीस?” आम्हीं विचारलें.

“काल लॅपटॉप दुरुस्त करायचा होता, काका. आज अर्ज भरायचाय.”

या उत्तरावर आम्हांस बोलण्यासारखें कांहीं सुचलें नाहीं. दोन दिवस आम्ही त्या यंत्राच्या मागें होतों, आणि यंत्र कशासाठीं हवें होतें हें मधल्यामध्यें आमच्या हातून निसटलें होतें. कंदिलाच्या उजेडांत ती दाखले एकेक करून जोडीत होती. प्रत्येकाचा आकार ठरलेल्या मर्यादेंत बसतो कीं नाहीं तें पाहत होती. आजी मध्येंच विचारी, “पोचलं का?” आणि ती मान न वळवितां म्हणे, “अजून नाही.” पावणेदहाच्या सुमारास पडद्यावर अर्जाचा क्रमांक आला. तो तिनें हातावर लिहून घेतला, मग वहींत उतरविला, आणि मग पावती आमच्या लॅपटॉपमध्यें दोन निरनिराळ्या ठिकाणीं साठविली.

दुरुस्ती तिनें त्यानंतर, वीज आल्यावर केली. जुना ड्रायव्हर पुन्हां आणला. ‘वीज वांचविण्यासाठीं हें उपकरण बंद करण्याची यंत्रास मुभा’ अशी एक चौकट होती, तिच्यावरील खूणही काढली. नाहीं तर पट्टी अधूनमधून डुलकी घेते आणि संबंध तुटतो, असें ती म्हणाली. अद्यतनें कायमचींच बंद करून टाक, असा आमचा आग्रह होता. पुराव्यादाखल आम्हीं १९ जुलै २०२४ ची गोष्ट काढली. त्या दिवशीं क्राउडस्ट्राइक या संगणकांचें संरक्षण करणाऱ्या कंपनीच्या एका सदोष अद्यतनानें जगांतील सुमारें ८५ लाख संगणक आडवे झाले, आपल्या देशांतही विमानाच्या उतारूंस हातानें लिहिलेले पास द्यावे लागले, आणि कितीएक यंत्रांजवळ माणसानें स्वतः जाऊन ती एक फाइल पुसावी लागली. मुलीनें हें सारें शांतपणें ऐकून घेतलें. मग तिनें २०१७ ची गोष्ट सांगितली. त्या वर्षीं ऑक्टोबरांत मॅथी व्हॅनहूफ या बेल्जियन संशोधकानें दाखवून दिलें कीं, वायफायच्या ज्या कुलुपावर सारें जग विसंबून होतें, त्याच्या किल्लीच्या देवघेवींतच खोट आहे. जवळपास उभा राहिलेला परका मनुष्य हवेंतला मजकूर वाचूं शकेल. तें कुलूप दुरुस्त झालें तें अद्यतनांनींच. “तुम्ही तेव्हां नाही म्हटलं असतं तर?” आम्ही गप्प बसलों. जुन्यास चिकटून राहण्याच्या बाजूनें आमच्याजवळ आजी होती, पण ती एव्हांना झोंपली होती.

अखेरीस तडजोड झाली. अद्यतनें पांच आठवडे थोपवून धरण्याची सोय यंत्रांत असते. तितके दिवस तिनें तीं थोपविलीं आहेत. तेवढ्यांत कर्ते आपली चूक सुधारून नवा ड्रायव्हर धाडतील असा तिचा अंदाज आहे. मुदत संपेल त्या दिवशीं आपण स्वतः समोर बसून तो घेऊं, आणि तत्पूर्वीं आजचा चालता ड्रायव्हर एका पेनड्राइव्हवर उतरवून ठेवूं, असें तिनें सांगितलें आहे. ती तारीख आम्हीं भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत पेन्सिलीनें मांडली. त्याच आठवड्यांतील आणखी एका तारखेभोंवतीं आजीनें पूर्वींच कुंकवाचें बोट उमटविलेलें आहे. त्या दिवशीं टोळी परत येते.