चार दिवसांचे घर

दहावीला पहिले महायुद्ध शिकवताना मी मुलांना एका शिकारवाड्याची गोष्ट सांगतो.

ऑस्ट्रियात, व्हिएन्नाच्या पूर्वेला, डॅन्यूब नदीकाठच्या जंगलात एकार्टसाऊचा वाडा आहे. 18व्या शतकात किन्स्की या सरदाराने तो बरोक शैलीत सजवला. छतावर शिकारीची देवी डायना रंगवून घेतली. 1760 मध्ये वाडा हॅब्सबर्ग राजघराण्याकडे गेला. युवराज फ्रान्झ फर्डिनांडने त्याची डागडुजी केली. 1914 मध्ये साराजेव्होत त्याचीच हत्या झाली. नोव्हेंबर 1918 मध्ये तख्त गमावलेला शेवटचा बादशहा कार्ल बायकामुलांसह तिथे आला. 13 तारखेला तिथेच त्याने हंगेरीच्या कारभारातून बाजूला होत असल्याच्या कागदावर सही केली. मार्च 1919 मध्ये देश सुटला. 1922 मध्ये मदेइरा बेटावर, दुसऱ्याच्या घरात, तो वारला. वय अवघे 34. वाडा आज सरकारी वनसंस्थेकडे आहे.

यंदा हे सांगताना माझाच आवाज अडखळला. गावच्या घरातल्या एका खोलीवरून तीन वर्षे मी थोरल्या भावाशी बोललो नव्हतो. संध्याकाळी फोन केला.

“भाईजान, खोली तुम्हीच ठेवा.”

थोडा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, “खोलीचं नंतर बघू. रविवारी मुलांना घेऊन जेवायला ये.”