दो टाकी : एका तुकड्याचा पत्ता

पनवेलहून हार्बरच्या लोकलने सँडहर्स्ट रोडला उतरायचे, उंचावरच्या फलाटाचे जिने उतरून डोंगरीतून पश्चिमेकडे चालायचे, उड्डाणपुलाखालून मोहम्मद अली रोड ओलांडायचा, की आला भेंडी बाजार. मुंबईबाहेरची आपली बहुतेक कुटुंबे या भागात येतात ती रमजानमध्ये मिनारा मशिदीजवळ खायला, नाहीतर लग्नाच्या खरेदीला. परतताना पिशव्यांत कापड असते, अत्तर असते, खजूर असतो. मी मात्र या वेळी जातानाच पर्समध्ये रुमालात बांधून लोखंडाचा एक तुकडा नेला होता.

तुकडा माझ्या भाच्याच्या शंभर सीसीच्या जुन्या मोटरसायकलचा. त्याने घरीच मागचे चाक काढले, चेन रॉकेलने धुतली, सगळे परत जोडले आणि ताटलीत हा एक उरला. आतून पोकळ, अंगठ्याएवढा जाड, जेमतेम दोन सेंटिमीटर लांब. पाइपची कापलेली कातळीच जणू. जवळच्या एका गॅरेजवाल्याने न बघताच सांगितले, चालतंय ना, मग चालू द्या. दुसऱ्याने चेनचा पूर्ण संच नवा घालायला सुचवले. पोरगा रोज मुंबई-गोवा महामार्गावरून कामाला जातो. माझ्या बहिणीने चावी तांदळाच्या डब्यात लपवली आणि म्हणाली, "हे कुठलं आहे ते कळल्याशिवाय गाडी हलणार नाही."

म्हणून खाला आणि भाचा, असे दोघे दो टाकीला निघालो.

भेंडी बाजार आता ओळखू येत नाही. सैफी बुऱ्हानी ट्रस्टने 2009 पासून इथल्या सुमारे 250 जुन्या इमारतींच्या, साडेसोळा एकरांच्या पुनर्विकासाचे काम हाती घेतले. पडक्या चाळींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. ज्यांनी गळक्या छताखाली पावसाळे काढले त्यांना पक्के घर मिळते, ही चांगलीच गोष्ट. या गर्दीतच रौदत ताहिराची पांढरी संगमरवरी वास्तू आहे. तिच्या आतल्या भिंतींवर संपूर्ण कुरआन शरीफ कोरलेले आहे. भाचा बाहेरूनच बराच वेळ बघत राहिला.

पुढे मटण स्ट्रीट, म्हणजे चोर बाजार. हा मूळचा ‘शोर’ बाजार, इंग्रजांच्या जिभेने ‘चोर’ झाला, असे इथले लोक सांगतात. खरे-खोटे काही असो, पिढ्यान्‌पिढ्या दुकान चालवणाऱ्याला हे नाव रोज ऐकावे लागते. इथे जुनी घड्याळे, ग्रामोफोन, झुंबरे, जहाजांचे दिवे. शुक्रवारी ही दुकाने बंद असतात आणि पहाटे रस्त्यावर जुमा बाजार भरतो. आम्ही शनिवारी गेलो होतो. तिथून मौलाना शौकत अली रोडच्या दिशेने सरकलो की पितळेची चमक संपते आणि काळ्या तेलाचा वास सुरू होतो. ही दो टाकी. फुटपाथवर गिअरबॉक्स, दोरीला माळेसारखे ओवलेले पिस्टन, एकावर एक रचलेले दरवाजे, हेडलाइटचे ढीग. माल मुख्यतः मोटारींचा. मोटरसायकलवाले आतल्या गल्लीत, विचारत जावे लागते.

तीन दुकानांनी मान हलवली. चौथ्याने एका जिन्याखालच्या खोपटाकडे बोट दाखवले. आत पांढऱ्या दाढीचे एक चाचा कार्बोरेटर फुंकत बसले होते. सलाम केला, रुमाल सोडला. त्यांनी गाडीचे नाव विचारले नाही. तुकडा आधी पायजम्याला पुसला, मग उजेडाकडे धरून बोटांत हळूहळू फिरवला.

"चेन के बाजू का बुश है, बेटी," ते म्हणाले. मग भाच्याकडे बघून, "चेन एक तरफ खिंचती होगी. पहिया हाथ से हिलता है, हां के ना?"

भाच्याने आवंढा गिळला. "हां, चाचा."

कसे ओळखले, ते मी विचारल्याशिवाय राहणार नव्हते. चाचांनी बुश माझ्या तळहातावर ठेवला आणि नखाने दाखवले. मधोमध केसाएवढी एक चकचकीत रेघ सगळीकडून फिरली होती. ही ऑइल सीलच्या रबरी ओठाची खूण. बुश जागेवर स्थिर असतो आणि सील चाकाबरोबर त्याच्याभोवती फिरते. वर्षानुवर्षे घासून तिने लोखंडावर रेघ पाडली. या गाडीत ब्रेकच्या बाजूलाही बुश असतो, पण तिथे त्याला लागून असलेली ब्रेकची प्लेट फिरत नाही, म्हणून त्याला अशी रेघ कधी पडत नाही. दोन्ही टोके बघा, ती सपाट दाबली गेली आहेत: एक बेअरिंगला टेकते, दुसरे मागच्या चिमट्याला. आणि हा पडला कसा? फक्त ग्रीसच्या चिकटाने सीलमध्ये बसतो. चाक आडवे केले, रॉकेल लागले, निसटला.

तो नसताना नट आवळला तर नट घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण बेअरिंग दाबलेच जात नाही. चाक एका बाजूला सरकते, चेन तिरकी चालते, दात झिजतात, आणि भरधाव वेगात मागचे चाक डुलते. हे सांगताना चाचांचा आवाज जरासाही चढला नाही.

मी नवा बुश मागितला, निदान काही तरी घ्यावे म्हणून. त्यांनी त्या रेघेवरून नख फिरवले. नख अडकले असते तर नवा दिला असता, म्हणाले. हा अजून चालेल, पैसे कशाला घेऊ? वर कागदात थोडे ग्रीस बांधून दिले. हलाल रोजी हा शब्द मी वर्गात अनेकदा फळ्यावर लिहिला आहे. मुलांना समजावताना माझ्याकडे उदाहरणे नेहमी कमी पडायची.

काम शिकायला कोणी आहे का, हे भाच्याने विचारले. दोन्ही मुलगे आखातात, एक एसीचे काम करतो, एक गाडी चालवतो. जिन्यावरची इमारतही आज ना उद्या जाईल. नव्या इमारतीत दुकान मिळेलही. पण जिन्याखाली बसणाऱ्याची नोंद कुठल्या कागदावर असेल? चाचा हसले आणि पुन्हा कार्बोरेटर उचलला.

रविवारी अंगणात वर्तमानपत्र पसरले. भाच्याने काढलेला प्रत्येक भाग निघाला त्याच क्रमाने त्यावर मांडला. सीलच्या ओठाला ग्रीस लावले, बुश दाबला. एक मऊ ‘टप्’ आवाज आला. चिमट्यावरच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या जुळवल्या, चेनला दोन-तीन सेंटिमीटर ढील ठेवली, ब्रेकच्या प्लेटला धरून ठेवणाऱ्या पट्टीचा नट आवळला. चाक हाताने हलवून बघितले: काही नाही. बहिणीने स्वतः येऊन दोन्ही हातांनी हलवले, मग आत जाऊन तांदळाच्या डब्यात हात घातला.

खर्च झाला तो एका स्प्लिट पिनचा. पट्टीच्या नटातली जुनी पिन सरळ करताना तुटली होती, तिच्यासाठी भाच्याला कोपऱ्यावरच्या दुकानात पळावे लागले.