भिंतीवरची खूण

ईदची नमाज झाली आणि शेजाऱ्याने कडकडून मिठी मारली, तेव्हा माझ्या तोंडून ‘या अल्लाह’ निघाले. त्याला वाटले, मी भारावलो. खरे तर उजव्या खांद्यातून कळ गेली होती. चार महिन्यांपासून तकबीरला हात कानापर्यंत पोहोचत नव्हता. तीस वर्षे फळ्यावर लिहिलेला हात छातीशीच अडत होता.

डॉक्टर म्हणाले, ‘फ्रोझन शोल्डर’. सांध्याभोवतीचे आवरण जाड होऊन आकसते. चाळीस ते साठ या वयात आणि मधुमेह असलेल्यांत याचे प्रमाण जास्त.

फिजिओथेरपीच्या बाईंनी खांद्यावर निळी, ताणली जाणारी पट्टी चिकटवली. अशी पट्टी १९७० च्या दशकात जपानच्या केन्झो कासे यांनी काढली. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकनंतर ती जगभर दिसू लागली. वुजूची अडचण नव्हती, हात कोपरापर्यंतच धुवायचे. मी खूश झालो. बाई म्हणाल्या, “सर, पट्टीने आधार वाटेल. आखडलेला सांधा सुटेल तो व्यायामानेच.” रोटेटर कफच्या दुखण्याबाबत २०२१ च्या कॉक्रेन आढाव्यातही पट्टीचा फायदा ठामपणे सिद्ध झालेला नाही.

मग घरी व्यायाम सुरू झाला. पुढे वाकून हात लोलकासारखा झुलवायचा. भिंतीवर बोटे चढवत न्यायची, जिथे थांबतील तिथे पेन्सिलीने खूण करायची. खूण बोटबोट वर सरकू लागली.

एके दिवशी माझ्या खुणेच्या बरीच खाली दुसरी खूण दिसली. उंचीतला फरक धरला तरी फार खाली. बेगमला विचारले. ती म्हणाली, “दोन वर्षं झाली. तुम्हाला कशाला सांगायचं? भाकऱ्या थोड्याच थांबतात?”

कपडे वाळत घालायची दोरी तिने खाली बांधून घेतली होती, ते मी पाहिले होते. मधुमेहाच्या तिच्या गोळ्या मीच आणतो. आमच्यात बायका तकबीरला हात खांद्यापर्यंतच उचलतात. म्हणून नमाजमध्येही तिचे दुखणे झाकले गेले. माझ्या दुखण्याची बातमी मात्र साऱ्या मोहल्ल्याला होती.

दुसऱ्या दिवशी रिक्षात आम्ही दोघे होतो. बाईंनी तिचा खांदा तपासला आणि माझ्याकडे पाहिले. काही बोलल्या नाहीत.

आता इशाच्या आधी आम्ही दोघेही भिंतीसमोर उभे राहतो. तिची खूण हळूहळू चढते आहे. पेन्सिल माझ्या हातात असते.